शंका-समाधान : ल्युपसवरचा कार-टी उपचार आणि त्याचे दुष्परिणाम

ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस अशा ऑटोइम्यून आजारांत शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर उठते. या आजारांवर ‘कार-टी’ पेशींचा उपचार होऊ लागल्याच्या बातम्या आल्यापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलला आहे. त्यांत उमेद आहे आणि धास्तीही आहे. दुष्परिणामांविषयी विचारणारी पत्रे या वेळी एकत्र घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

माझ्या मुलीला अठराव्या वर्षी ल्युपस झाला. आता ती चोवीस वर्षांची आहे. किडनीवर परिणाम आहे, दोनदा बायोप्सी झाली. स्टिरॉइड, मायकोफेनोलेट सगळं चालू आहे, तरी लघवीतून प्रथिनं जातातच. जर्मनीत पेशी बदलून ल्युपस घालवला असं वाचलं. पण आमचे एक नातेवाईक म्हणतात, हा कॅन्सरचा उपचार आहे, यात माणूस आयसीयूत जातो. खरं काय? — एक वडील, सांगली

तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे अर्धे खरे आहे. उपचार मूळचा रक्ताच्या कर्करोगाचा, आणि तिथे काही रुग्णांना अतिदक्षता विभागात हलवावे लागते. ल्युपसमध्ये मात्र आतापर्यंतचे चित्र बरेच सौम्य आहे.

या उपचारात रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात आणि प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे त्या बी-पेशींवरची ‘सीडी१९’ ही खूण ओळखू लागतात. ल्युपसमध्ये स्वतःच्या शरीराविरुद्धची प्रतिपिंडे बी-पेशींच्याच वंशातून तयार होतात, म्हणून रोख त्यांच्यावर. नव्या पेशी देण्याआधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि एक दिवस सायक्लोफॉस्फामाइड देऊन शरीरातल्या जुन्या लिम्फोसाइट कमी करतात. मग तयार पेशी शिरेतून देतात. त्या वाढतात आणि बी-पेशींना शोधून संपवतात.

जर्मनीतल्या एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात गेऑर्ग शेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये एका २० वर्षांच्या ल्युपसग्रस्त मुलीवर हा उपचार केला. २०२४ मध्ये त्यांनी १५ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला: ८ ल्युपसचे, ४ स्क्लेरोडर्माचे, ३ मायोसायटिसचे. ल्युपसच्या आठही जणांचा आजार शांत झाला आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. दुष्परिणाम असे : १० जणांना ‘सायटोकाइन रिलीज सिंड्रोम’ अगदी पहिल्या पायरीचा, म्हणजे मुख्यतः ताप, एकाला दुसऱ्या पायरीचा, एकाला मेंदूवरचा सौम्य परिणाम, आणि एकाला न्यूमोनिया होऊन दाखल व्हावे लागले.

हा सिंड्रोम म्हणजे काय? टी-पेशी बी-पेशींवर तुटून पडतात तेव्हा इंटरल्यूकिन-६ सारखी रसायने रक्तात भराभर उतरतात. ताप ३८ अंश सेल्सियस किंवा अधिक असेल आणि बाकी सगळे ठीक असेल, तर ती पहिली पायरी. रक्तदाब उतरला किंवा थोडा ऑक्सिजन लागला तर दुसरी. रक्तदाब टिकवायला औषध लागले तर तिसरी, आणि व्हेंटिलेटर लागला तर चौथी. रक्ताच्या कर्करोगात मारायच्या पेशींचा साठा प्रचंड असतो, म्हणून वादळही मोठे होते. ल्युपसच्या रुग्णात बी-पेशी त्या मानाने फारच थोड्या असतात.

या सिंड्रोमवरचे औषध आमच्याच, म्हणजे संधिवाताच्या, शाखेतून गेलेले आहे. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड या लहान मुलीला ल्युकेमियासाठी कार-टी पेशी दिल्या गेल्या. काही दिवसांत ती व्हेंटिलेटरवर गेली. तिच्या रक्तात इंटरल्यूकिन-६ अफाट वाढल्याचे दिसले. संशोधक कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, त्यामुळे इंटरल्यूकिन-६ रोखणारे टोसिलिझुमॅब हे संधिवातावरचे औषध त्यांना ठाऊक होते. ते एमिलीला दिले गेले, काही तासांत ती सावरू लागली आणि तिचा ल्युकेमियाही गेला. २०१७ मध्ये अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराला मान्यता मिळाली, त्याच दिवशी टोसिलिझुमॅबलाही या सिंड्रोमसाठी मान्यता दिली गेली. संधिवाताच्या रुग्णांना आम्ही हे औषध नेहमी देतो. त्यामुळे याच्याविषयी मला विशेष आपुलकी वाटते.

तुमच्या मुलीपुरते सांगायचे, तर किडनीच्या डॉक्टरांना आधी एक प्रश्न विचारा : रिटुक्सिमॅब, बेलिमुमॅब, टॅक्रोलिमस किंवा व्होक्लोस्पोरिन यांपैकी तिच्यासाठी काय राहिले आहे? हे मार्ग वापरून झाले नसतील तर पहिले पाऊल तिकडे टाका. ते वापरूनही प्रथिने जातच असतील, तर कार-टीच्या चाचणीची चौकशी करण्यात काहीही वावगे नाही. किडनी निकामी होऊ देणे हा धोकाही तेवढाच खरा आहे.

माझ्या पत्नीला स्क्लेरोडर्मा आहे. इथल्या रुग्णालयात चाचणीसाठी तिची निवड होऊ शकते. संमतिपत्रात ‘मज्जासंस्थेवरील विषारी परिणाम’ असं लिहिलंय. ती शिक्षिका आहे. तिची स्मरणशक्ती, बोलणं यांवर कायमचा परिणाम होईल का? — एक वाचक, श्टुटगार्ट

या परिणामाला डॉक्टर ‘आयकॅन्स’ म्हणतात. शब्द न सुचणे, गोंधळल्यासारखे होणे, हात कापणे, जास्तच बिघडले तर झोपाळूपणा, झटके. बहुतेकदा तो तापाच्या पाठोपाठ येतो आणि दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो. ऑटोइम्यून आजारांत तो कर्करोगाच्या मानाने कमी वेळा आणि सौम्य दिसला आहे. टोसिलिझुमॅब मेंदूपर्यंत फारसे पोचत नाही, त्यामुळे इथे मुख्य भर डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइडवर असतो.

तो वेळीच पकडण्याची पद्धत साधी आहे, आणि तिच्यात तुमचा उपयोग होणार आहे. परिचारिका दररोज, बहुधा दिवसातून अनेकदा, दहा गुणांची एक छोटी परीक्षा घेईल. वर्ष, महिना, शहर आणि रुग्णालय सांगायचे, चार गुण. दाखवलेल्या तीन वस्तू, म्हणजे पेन, घड्याळ, बटण अशा, ओळखायच्या, तीन गुण. एक साधी सूचना पाळायची, एक गुण. शंभरपासून दहा-दहाने उलटे मोजायचे, एक गुण. आणि एक वाक्य लिहायचे, एक गुण. हे शेवटचे वाक्य मोलाचे. काल सरळ ओळीत लिहिणारी बाई आज ओळ सोडून खाली घसरते, अक्षरे एकमेकांवर चढतात, वेलांटी-मात्रा गळतात. बोलताना काहीच जाणवत नसते तेव्हाही कागदावर ते दिसू शकते.

तुमच्या पत्नी रोज मराठीत लिहीत असतील, तर तसे डॉक्टरांना आधीच सांगा. पेशी देण्यापूर्वी मराठीत आणि जर्मनमध्ये एकेक वाक्य लिहून ठेवायला सांगा. त्यांचे मराठी अक्षर बिघडले आहे की नाही, हे त्या वॉर्डात तुमच्याइतके कुणालाच कळणार नाही. दिसले तर सकाळच्या राउंडची वाट पाहू नका, त्याच मिनिटाला परिचारिकेला सांगा. घरी आल्यावर गाडी चालवण्याबाबत तुमच्या केंद्राने दिलेली मुदत काटेकोर पाळा.

माझा मुलगा न्यू जर्सीत असतो. त्याला मायोसायटिस आहे आणि कार-टी पेशी देऊन झाल्यात. ताप आला होता, तो उतरला, डॉक्टरांनी घरी सोडलं. आम्ही दोघं त्याच्याकडे जातोय. आता धोका टळला ना? काय काळजी घ्यायची? — एक आई, रत्नागिरी

ताप उतरला ही चांगलीच बातमी आहे. पण या सगळ्या पत्रांत मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा प्रश्न तुमचाच आहे. लोक पहिल्या दहा दिवसांना घाबरतात. मला पुढच्या महिन्यांची जास्त काळजी वाटते. पहिले दिवस रुग्णालयात जातात, तिथे उशाशी यंत्रे आणि माणसे असतात. पुढचे महिने घरात जातात. कर्करोगासाठी कार-टी घेतलेल्या सात हजारांहून अधिक रुग्णांचा २०२४ मध्ये एकत्र अभ्यास झाला. मूळ कर्करोगाशिवाय इतर कारणांनी जे मृत्यू झाले, त्यांतले सुमारे निम्मे संसर्गाने झाले होते. सायटोकाइनचे वादळ आणि मेंदूवरचे परिणाम यांचा वाटा त्या मानाने बराच लहान होता. तुमच्या मुलाची प्रकृती कर्करोगाच्या रुग्णापेक्षा वेगळी आहे, धोकाही कमी आहे. पण दिशा तीच आहे.

कारण असे, की त्याच्या शरीरात सध्या बी-पेशी जवळजवळ नाहीत. एर्लांगेनच्या रुग्णांत त्या सरासरी ११२ दिवसांनी परतल्या, काहींत आधी, काहींत उशिरा. परतल्या त्या नव्या, कोऱ्या पेशी होत्या, आणि आजार तरीही परतला नाही. या उपचाराची खरी कमाई हीच. पण तोवरचा काळ सांभाळायचा असतो. शिवाय सुरुवातीच्या औषधांमुळे पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट काही आठवडे कमी राहू शकतात. कधी त्या सुधारून पुन्हा खाली जातात. म्हणून ‘आता बरं वाटतंय’ म्हणून रक्ततपासणीची तारीख चुकवू द्यायची नाही.

एक दिलासाही आहे. जुन्या लशींची प्रतिपिंडे बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींपैकी बऱ्याच पेशींवर सीडी१९ ही खूण नसते, त्यामुळे त्या वाचतात. गोवर, धनुर्वात यांविरुद्धचे संरक्षण बऱ्याच अंशी टिकलेले दिसले आहे. तरी रक्तातील आयजीजी या प्रतिपिंडांची पातळी तपासत राहतात. ती फार घसरली आणि वारंवार संसर्ग होऊ लागले, तर इम्युनोग्लोब्युलिन शिरेतून देतात. मुलाला जिवंत विषाणूंची कोणतीही लस डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायची नाही.

घरात थर्मामीटर ठेवा. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर गेला, तर आधी फोन, मग क्रोसिन. आपल्याकडे उलटे होते : गोळी देतात, घाम येऊन ताप उतरतो, आणि सकाळपर्यंत संसर्ग पसरलेला असतो. त्याला टोसिलिझुमॅब दिले असेल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे औषध सीआरपी या रक्तातल्या खुणेला दाबून टाकते, त्यामुळे अंगात जंतू असूनही काही दिवस ती चाचणी चांगली येऊ शकते. म्हणून अहवाल चांगला असला तरी धाप, खोकला, लघवीची जळजळ किंवा पाठीवर एका बाजूने पुरळ अशी काहीही तक्रार दिसली, तर ती सांगा. न्यूमोसिस्टिस या बुरशीच्या न्यूमोनियासाठी आणि नागिणीसाठी ज्या प्रतिबंधक गोळ्या दिल्या असतील, त्या स्वतःहून थांबवू नका.

तुमचा मुलगा भारतात वाढला आहे. क्षयाचे जंतू झोपलेल्या अवस्थेत आपल्यापैकी पुष्कळांच्या शरीरात असतात, आणि हेपटायटिस-बीचा जुना संसर्गही कळत नकळत होऊन गेलेला असतो. प्रतिकारशक्ती उतरली की दोन्ही जागे होऊ शकतात. उपचारापूर्वी तपासण्या झाल्या असतीलच. त्या झाल्या का आणि हेपटायटिसचे प्रतिबंधक औषध किती काळ घ्यायचे, एवढे विचारून घ्या. घरात लहान-मोठा पूजेचा किंवा भेटीगाठींचा बेत असेल तर पुढे ढकला. बाहेरचे कापून ठेवलेले फळ आणि कच्चे अंडे नको. घरचा गरम वरण-भात उत्तम.

आणखी एक गोष्ट, कारण ती दिसली की घरचे लोक हबकतात. पेशी दिल्यानंतरच्या दिवसांत, ज्या अवयवाला आजाराने आधी ग्रासले होते तिथेच काही काळ त्रास उफाळून येतो. मायोसायटिस असेल तर स्नायू दुखतात, त्वचा लाल होते; ल्युपस असेल तर लघवीतली प्रथिने वाढतात. त्या ऊतींत दडलेल्या बी-पेशींशी नव्या पेशींची गाठ पडते, असे तज्ज्ञांना वाटते. आजार परतला असे समजून लोक हवालदिल होतात. बहुधा हा त्रास सौम्य असतो आणि आपोआप किंवा थोड्या दिवसांच्या स्टिरॉइडने शमतो. पण ते ठरवायचे डॉक्टरांनी.

माझं वय २७. ल्युपस आहे, लग्न ठरतंय. या उपचारानंतर मूल होऊ शकतं का? घरी कुणाला विचारता येत नाही म्हणून लिहिते. — नाशिक

लिहिलेत हे फार चांगले केलेत. इथे प्रश्न कार-टी पेशींपेक्षा आधी दिल्या जाणाऱ्या सायक्लोफॉस्फामाइडचा आहे. ते अंडाशयातल्या बीजांना मारते. मात्रा जितकी जास्त आणि वय जितके जास्त, तितके नुकसान अधिक. एर्लांगेनच्या पद्धतीत शरीराच्या दर चौरस मीटरमागे एक ग्रॅम, तेही एकदाच देतात. तुमच्या बांध्याच्या मुलीला ते साधारण दीड ग्रॅम होईल. किडनीच्या ल्युपससाठी आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली जाणारी कमी मात्रेची पद्धत अर्ध्या ग्रॅमचे सहा डोस देते, म्हणजे एकूण तीन ग्रॅम. तेव्हा धोका आहे, पण तो नेहमीच्या उपचारापेक्षा मोठा आहे असे मात्र नाही. याआधी तुम्हाला हे औषध मिळाले असेल तर ती मात्रा यात मिळवून मोजावी लागेल.

बीज गोठवून ठेवण्याचा पर्याय विचारा. त्यासाठीच्या हार्मोनच्या इंजेक्शनांनी ल्युपस भडकू शकतो आणि अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे असतील तर रक्ताच्या गाठीही होऊ शकतात. म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञ आणि संधिवाततज्ज्ञ यांनी एकमेकांशी बोलूनच ते करावे. दुसरी बाजूही पाहा. मायकोफेनोलेट चालू असताना गर्भ राहू देणे धोक्याचे असते. औषधांशिवाय आजार शांत राहिला, तर आईपणाची वाट उलट सोपी होऊ शकते. चाचणीत भाग घेतलात तर गर्भधारणा किती काळ टाळायची, ते संमतिपत्रात लिहिलेले असते.

या उपचारानेच कॅन्सर होतो अशी बातमी वाचली. बरा होऊन कॅन्सर घ्यायचा का? — सोलापूर

बातमी खोटी नव्हती. अमेरिकेच्या औषध नियामकांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये, कार-टी घेतलेल्या काही रुग्णांत टी-पेशींचाच कर्करोग आढळल्याचे जाहीर केले आणि जानेवारी २०२४ मध्ये औषधांवर तसा ठळक इशारा छापायला सांगितले. तोवर तिथे २७ हजारांहून अधिक रुग्णांना हे उपचार देऊन झाले होते आणि असे २२ रुग्ण आढळले होते. ते सारे आधीच रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण होते, त्यांतल्या बहुतेकांनी आधी बरीच केमोथेरपी घेतली होती, आणि तिच्यानेही पुढे कर्करोग होऊ शकतो. पण काहींच्या कर्करोगपेशींत बाहेरून घातलेले जनुक सापडले, ही गोष्ट दुर्लक्षिण्यासारखी नाही.

साठीतल्या कर्करोगाच्या रुग्णासाठी हा धोका सहज पत्करावा असा आहे. विशी-पंचविशीतल्या ल्युपसच्या मुलीपुढे पन्नास वर्षांचे आयुष्य असते, तिच्या बाबतीत हिशेब अधिक जपून करायला हवा. म्हणूनच या रुग्णांवर १५ वर्षे लक्ष ठेवण्याची अपेक्षा आहे. जनुक पेशीच्या गाभ्यात कायमचे न बसवता थोडे दिवस टिकणारा आरएनए वापरण्याचे प्रयोगही चालू आहेत, तेही याच काळजीपोटी.

मला संधिवात आहे, मेथोट्रेक्सेटवर पाच वर्षं उत्तम चाललंय. मी हा उपचार घ्यावा का? — औरंगाबाद

नाही. जे उत्तम चालले आहे ते चालू ठेवा, यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या वेळेवर करा.

एका दवाखान्यातून फोन आला की आमच्याकडे ल्युपसवर ‘पेशींचा उपचार’ आहे, काहीच साइड इफेक्ट नाहीत, आठ लाख लागतील, तीन लाख आगाऊ भरा. भरू का? — पुणे

एक पैसाही भरू नका. आपल्याकडे आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या सहकार्यातून घडलेल्या ‘नेक्सकार१९’ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. महाराष्ट्राला अभिमान वाटावा असे हे काम आहे. पण ती मान्यता रक्ताच्या काही कर्करोगांसाठी आहे. ल्युपससाठी कार-टी घ्यायची ती रीतसर वैद्यकीय चाचणीतच.

अशा चाचणीची नोंद ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’ या सरकारी नोंदवहीत असते आणि ती कुणालाही पाहता येते. नोंदणी क्रमांक मागा. नीतिमत्ता समितीचे नाव मागा. संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीतल्या रुग्णाला त्यामुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई मिळण्याची तरतूद आहे. चाचणीत घेण्यासाठी लाखो रुपये आगाऊ मागणारा माणूस तुम्हाला चाचणीत घेत नाही, तुम्हाला गिऱ्हाईक करतो. आणि ज्या उपचाराला दुष्परिणामच नाहीत असे सांगितले जाते, तो कार-टी नव्हे; वर दिलेली उत्तरे वाचून हे तुमच्याही लक्षात आले असेल.

एक विनंती, तुम्हाला आणि सगळ्याच वाचकांना. नव्या उपचाराची वाट पाहत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा स्टिरॉइड मध्येच बंद करू नका. ल्युपस भडकून किडनी बिघडली, तर ज्या चाचणीची वाट पाहत आहात तिचे दारही कदाचित बंद होईल. गोळ्या चालू ठेवा, दर तीन महिन्यांनी लघवी तपासा, आणि तो अहवाल फाइलमध्ये लावून पुढच्या भेटीला सोबत न्या.